ब्लूज, फंक, आफ्रोबीट : गायकाच्या मागे उभं राहून वाजवणाऱ्यांचं संगीत

रेमा या नायजेरियन गायकाचं 'काम डाउन' आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून जिमपर्यंत सगळीकडे वाजून झालं. २०२३ मध्ये रेमा भारतात आला आणि मुंबईतही गाऊन गेला. २०२४ पासून ग्रॅमी पुरस्कारांत आफ्रिकी संगीतासाठी वेगळा विभाग सुरू झाला. 'आफ्रोबीट्स' हा शब्द आता कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी सहज असतो. त्या शब्दाचा माग काढत कुणी थोडं मागे गेलं, की एक नाव हमखास समोर येतं : फेला कुटी. मग उत्सुकतेने त्याचं 'झॉम्बी' लावलं जातं आणि तिथे गाडी अडते. गाणं बारा मिनिटांचं. गिटार एकच लहानसा तुकडा वाजवतेय आणि वाजवतच राहते. सॅक्सोफोन येऊन जातो, पुन्हा येतो. गायक मात्र कितीतरी वेळ तोंडच उघडत नाही. 'काम डाउन'चा आणि याचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल.

तिकडे २०२५ मध्ये 'सिनर्स' हा हॉलिवूडपट आला. १९३२ सालच्या मिसिसिपीतली गोष्ट, आणि तिच्या मध्यभागी ब्लूज गाणारा एक तरुण. तो पाहून आलेल्या अनेकांनी विचारलं, ब्लूज म्हणजे नेमकं काय आणि ऐकायचं तर सुरुवात कुठून करायची?

दोन्ही प्रश्न एकाच रस्त्यावरचे आहेत. आफ्रिकेतून गुलामांबरोबर अमेरिकेत गेलेलं संगीत तिथे ब्लूज झालं, फंक झालं, आणि रेकॉर्डवर बसून पुन्हा आफ्रिकेत परतलं, तेव्हा आफ्रोबीट झालं. या वाटेवर हरवायचं नसेल तर माझं एकच सांगणं आहे : गायकाच्या नावावर थांबू नका, वाजवणाऱ्यांची नावं वाचा. ॲप आपल्याला एका गाण्यासारखं दुसरं गाणं दाखवतं, पण ते तसं का आहे, हे वादकांच्या नावांवरूनच कळतं.

आधी चार शब्द नीट लावून घेऊ

ब्लूज सगळ्यांत जुना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, काळ्या शेतमजुरांमध्ये तो घडला. फंक १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतच आला. त्यात सुरावटीपेक्षा लयीला मान मोठा. आफ्रोबीट १९७० च्या आसपास नायजेरियातल्या लेगॉस शहरात फेला कुटी आणि त्याचा ड्रमर टोनी ॲलन यांनी उभा केला.

आणि शेवटी 'स' असलेला 'आफ्रोबीट्स' हा गेल्या वीसेक वर्षांतला पश्चिम आफ्रिकी पॉप आहे. ठेके बहुतेक संगणकावर बांधलेले, गाणी तीन-साडेतीन मिनिटांची, विषय प्रेम आणि मौजमजा. फेलाच्या आफ्रोबीटपेक्षा हा प्रकार पुष्कळ वेगळा आहे, पण नातं खोटं नाही. बर्ना बॉय या आजच्या मोठ्या आफ्रोबीट्स गायकाचे आजोबा बेन्सन इडोनिजे हे फेलाचे पहिले मॅनेजर होते, आणि बर्नाच्या गाण्यांत फेलाचे तुकडे उघडउघड ऐकू येतात.

ब्लूज कसा बांधलेला असतो?

ठरावीक मात्रांच्या गटाला पाश्चात्त्य संगीतात बार म्हणतात. ब्लूजमध्ये तो बहुधा चार मात्रांचा असतो, आणि एक कडवं असे बारा बार चालतं. कडव्यात ओळी तीनच. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण शब्द त्यातली जेमतेम अर्धी जागा घेतात. उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन उत्तर देतो. हा सवाल-जवाब एकदा कानाला सापडला की ब्लूजमधलं गिटार सजावटीसाठी नाही, हे लक्षात येतं. ते दुसरं माणूस असल्यासारखं बोलत असतं.

स्वरांचंही सांगायला हवं. ब्लूजचा जीव गंधारात आहे. हा गंधार पुरता कोमलही नसतो आणि पुरता शुद्धही नसतो, दोघांच्या मध्ये कुठेतरी हलत राहतो. पियानोवर ती जागाच नाही. गिटारवादक तार ओढून किंवा तारेवरून काचेची नळी सरकवून (हीच स्लाइड गिटार) तिथे पोचतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणूनच मला वाटतं, मराठी श्रोत्याला रॉकपेक्षा ब्लूज लवकर भिडायला हवा.

हे संगीत ज्यांनी केलं त्यांचं जगणं फार कठीण होतं. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. काळी कुटुंबं त्यांची शेतं वाट्याने कसत. बियाणं, अवजारं, पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर येई, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच मांडत असे. कर्ज फिटायचं नाही. शेतातल्या आरोळ्या, कामाची गाणी, चर्चमधली भजनं यांतून ब्लूज आला. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्टर मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. तिथे फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरीचं पातं दाबून वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने तो आवाज लक्षात ठेवला आणि पुढे त्या धर्तीवरची गाणी लिहून छापली. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

१९२० मध्ये मॅमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' प्रचंड खपलं आणि काळे लोकही रेकॉर्ड विकत घेतात, हे कंपन्यांना उमगलं. मग मा रेनी, बेसी स्मिथ अशा गायिका मोठ्या झाल्या. ब्लूजच्या पहिल्या तारका बायका होत्या. गिटार घेतलेला एकटा पुरुष हे चित्र आपल्या मनात नंतर ठसलं. त्या चित्रातला सगळ्यांत प्रसिद्ध माणूस रॉबर्ट जॉन्सन. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये २७ व्या वर्षी तो गेला. चौकात सैतानाला आत्मा विकून त्याने वादन मिळवलं, ही दंतकथा सगळे सांगतात. ती बाजूला ठेवावी. तो अंगठ्याने खालचे स्वर चालू ठेवून बाकीच्या बोटांनी वरची सुरावट वाजवतो आणि दोन माणसं वाजवताहेत असा भास होतो. ते कान देऊन ऐकण्यात सैतानाच्या गोष्टीपेक्षा जास्त आनंद आहे.

पुढे लाखो काळी कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली, आणि ब्लूजही शहरात आला. मिसिसिपीतल्या एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्सचं गाणं १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स या संग्राहकाने तिथेच जाऊन रेकॉर्ड केलं होतं. १९४३ मध्ये मडी शिकागोला गेला. तिथल्या बारमध्ये एवढा गोंगाट, की साधी गिटार कुणाला ऐकू जाईना. त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली, सोबत ड्रम, पियानो, माउथ ऑर्गन उभे केले, आणि ज्याला आज बँड म्हणतात त्याचा साचा शिकागोत तयार झाला.

पण ब्लूज म्हणजे रडगाणंच ना?

हा समज इतका पक्का आहे की त्याला उत्तर एका रेकॉर्डनेच द्यावं : बी. बी. किंग या गायक-गिटारवादकाची 'लाइव्ह ॲट द रीगल'. नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात ती रेकॉर्ड झाली. त्यात एका गाण्यात नवरा बायकोसाठी काय काय केलं याची यादी सांगू लागतो. प्रत्येक वस्तूनंतर बायकोची नाराजी. यादी वाढत जाते, बँड मुद्दाम थांबत थांबत जातो, आणि सगळ्यांत शेवटची तक्रार मुलांबद्दलची येते, तेव्हा थिएटरातल्या बायका अक्षरशः किंचाळतात. दुःख आहेच, पण ते चारचौघांत मांडून, त्यावर हसून, नाचून हलकं करायची ही रीत आहे. ब्लूज मुळात शनिवारी रात्री नाचायला जमलेल्या लोकांसाठीच वाजत असे.

इथे कव्हरवरच्या नावांचा पहिला धडा. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या ज्युनियर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज' हा १९६५ चा अल्बम शिकागो ब्लूजमधला सर्वोत्तम म्हणता येईल इतका चांगला आहे. लहानशा खोलीत, रात्री उशिरा, चार माणसं एकमेकांचं ऐकत वाजवताहेत असं वाटतं. पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर गिटारवादकाचं नाव होतं 'फ्रेंडली चॅप', म्हणजे 'एक स्नेही'. हा स्नेही म्हणजे बडी गाय. दुसऱ्या कंपनीशी त्याचा करार असल्याच्या समजुतीने त्याचं नाव लपवलं होतं. मडी वॉटर्सच्या १९६४ च्या 'फोक सिंगर' या शांत, विजेशिवायच्या अल्बमवर दुसरी गिटार याचीच. 'सिनर्स'च्या शेवटी दिसणारा म्हातारा गायकही हाच. आणि २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी मुंबईकरांनी ज्याला समोर बसून ऐकलं, तोही हाच. एका नावाचं बोट धरलं, तर शिकागोपासून वांद्र्यापर्यंतचा रस्ता सापडतो.

फंक : सगळं काही समेसाठी

जेम्स ब्राउनने फंक कसा केला, हे मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येतं : सम. तोपर्यंतच्या अमेरिकन लोकप्रिय संगीतात चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी जोरात वाजायची, टाळ्याही तिथेच पडायच्या. ब्राउनने वजन पहिल्या मात्रेवर आणून ठेवलं. त्याच्या बँडमध्ये या जागेला 'द वन' म्हणत. मधल्या मात्रांत बास, गिटार, ड्रम काय वाटेल त्या आडवळणाने जावोत, समेवर सगळे एकत्र आले पाहिजेत. चुकलात तर दंड. ब्राउन वादकांना खरोखरच पैशांचा दंड करायचा.

१९६७ चं त्याचं 'कोल्ड स्वेट' ऐका. सुरावट जवळजवळ जागच्या जागी उभी आहे. ब्राउनने तोंडाने जो ठेका गुणगुणला, तो सॅक्सोफोनवादक पी वी एलिसने स्वरांत बसवला. गिटार स्वर वाजवण्यापेक्षा तारा खरवडल्यासारखी वाजते. भोंगे, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा, गाणं गात नाहीत, मध्येच एक चपराक मारून गप्प होतात. प्रत्येक वाद्याला तालवाद्य करून टाकलंय आणि न वाजवलेल्या जागा वाजवलेल्या जागांइतक्याच मोजून ठेवल्यात. मग ब्राउन सॅक्सोफोनवाल्या मेसिओ पार्करला भर गाण्यात नावाने हाक मारतो, त्याचं वादन झालं की ड्रमर क्लाइड स्टबलफील्डला मोकळं सोडायला सांगतो. वाजवणाऱ्यांची नावं गाण्यातच ऐकू येतात, म्हणून वादकांच्या वाटेने जायचं तर फंक सगळ्यांत सोपा.

नाव पुकारलं, तरी पैसे मिळतातच असं नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फंकी ड्रमर'मध्ये स्टबलफील्डने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवले आहेत. पुढे हिप-हॉप आलं आणि तो तुकडा उचलून हजारहून जास्त गाण्यांखाली घातला गेला. जगातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या ड्रमवादनांपैकी ते एक असेल. पण गाणं ब्राउनच्या नावावर होतं, ड्रमर गीतकार किंवा संगीतकार धरला जात नाही, त्यामुळे स्टबलफील्डच्या हाती त्या सगळ्या गाण्यांतून रॉयल्टी म्हणून जवळपास काहीच आलं नाही. मला ही गोष्ट फार लागते. ज्याच्या हाताची लय दोन पिढ्यांच्या अंगात भिनली, तो २०१७ मध्ये गेला तेव्हा बहुतेकांना त्याचं नाव माहीत नव्हतं.

१९७० मध्येच ब्राउनचा जुना बँड पगारावरून भांडून निघून गेला. सिनसिनाटीतून पोरसवदा मुलांचा एक बँड रातोरात विमानाने आणवला गेला. त्यातला बासवादक बुट्सी कॉलिन्स तेव्हा अठराच वर्षांचा. 'सेक्स मशीन'मधला बास त्याचा. वर्षभरात त्याने ब्राउनला सोडलं आणि पुढे तो जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या अफाट गोतावळ्यात गेला, मागोमाग मेसिओ पार्कर आणि ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्लीही गेले. म्हणूनच पार्लमेंटचा १९७५ चा 'मदरशिप कनेक्शन' अवकाशयानाच्या गोष्टी सांगत असला, तरी त्याच्या हाडात जेम्स ब्राउनची शिस्त आहे.

एकच तुकडा दहा मिनिटं. कंटाळा नाही येत?

येतो, जर पुढे काय होणार याची वाट पाहत ऐकलं तर. फंकमध्ये पुढे फारसं काही होत नाही, जे आहे ते आत आत उलगडत जातं. एक युक्ती सांगतो. न्यू ऑर्लिन्सच्या द मीटर्स या बँडचं 'सिसी स्ट्रट' लावा. तीनच मिनिटांचं आहे, शब्द नाहीत. पहिल्यांदा फक्त झिगाबू मॉडेलिस्टचे ड्रम ऐका. दुसऱ्यांदा फक्त जॉर्ज पोर्टरचा बास. तिसऱ्यांदा लिओ नोसेंटेलीची गिटार. चौथ्यांदा सगळं एकत्र ऐकाल, तेव्हा तेच गाणं दुप्पट मोठं वाटेल.

आफ्रोबीट : लेगॉसला परत

फेला कुटीचा जन्म १९३८ मध्ये अबेओकुटा या गावात झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक. आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी ही तर नायजेरियाच्या इतिहासातली मोठी बाई. बाजारात बसणाऱ्या बायकांवर लादलेल्या करांविरुद्ध १९४० च्या दशकात तिने हजारो बायकांना रस्त्यावर उतरवलं होतं. फेला १९५८ मध्ये लंडनला संगीत शिकायला गेला, परत येऊन हायलाइफ वाजवू लागला. हायलाइफ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं भोंगे आणि गिटारचं नाचाचं संगीत. १९६९ मध्ये तो बँड घेऊन अमेरिकेला गेला. तिथे सँड्रा स्मिथ ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीतली तरुणी भेटली, तिने त्याला माल्कम एक्स या काळ्या अमेरिकन नेत्याचं आत्मचरित्र वाचायला दिलं. काळ्यांच्या राजकारणाची जाणीव आणि जेम्स ब्राउनच्या फंकचा धक्का, दोन्ही घेऊन तो लेगॉसला परतला.

टोनी ॲलन तोवर त्याच्याबरोबर होताच. रेडिओ स्टेशनवर तंत्रज्ञ असलेल्या टोनीने ड्रम स्वतःच शिकले होते, आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या अमेरिकन जॅझ ड्रमरांच्या रेकॉर्ड ऐकून. फेला स्वतः म्हणत असे की टोनीशिवाय आफ्रोबीट झालाच नसता. त्याचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या माणसांचे असावेत तसे चालतात. पायाचा जाड ठोका जिथे अपेक्षित असतो तिथे पडत नाही, किंचित आधी किंवा नंतर पडतो, आणि म्हणून लय जमिनीवर न आदळता तरंगत राहते.

बाकीचा बँड कसा गुंफलेला असतो, हे समजायला ढोल-ताशा पथक आठवा. ताशा बारीक विणतो, ढोल जाड ठोके देतो, टोल आपला एकच नाद धरून असतो. एकट्या ढोलवाल्याचे ठोके ऐकले तर ते अर्धवट वाटतात, पूर्ण होतात ते पथकातच. फेलाच्या बँडमध्ये तसंच आहे. एक गिटार पाच-सहा स्वरांचा तुकडा घेऊन बसते, दुसरी त्याच्या फटीत वाजते, बास तिसरीकडून येतो, मण्यांची जाळी घातलेला भोपळा, म्हणजे शेकेरे, सळसळत राहतो. त्यावर भोंग्यांची फौज, मग फेलाचा कीबोर्ड किंवा सॅक्सोफोन, आणि या सगळ्याला वाफ आली की मगच गाणं. तो एक ओळ टाकतो, बायकांचा कोरस उत्तर देतो. ब्लूजमधला सवाल-जवाब इथे वीस-पंचवीस माणसांचा झालेला असतो.

१९७० मध्ये जेम्स ब्राउनचा ताफा नायजेरियात आला, तेव्हा त्याचे वादक फेलाच्या क्लबात जाऊन बसले. टोनी ॲलन पुढे सांगत असे की ब्राउनचा अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारा, टोनीच्या हातापायांच्या हालचाली बघून कागदावर टिपून घेत होता. कुणी कुणाकडून घेतलं, याचा एकरेषी हिशेब इथे लागत नाही. ब्लूजचंही असंच झालं. पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशातला गिटारवादक अली फार्का तुरे याने अमेरिकन ब्लूज गायक जॉन ली हूकरची रेकॉर्ड ऐकली, तेव्हा त्याला ती आपल्याच मुलखातली वाटली.

राजकारण कळायलाच हवं का?

फेलाच्या बाबतीत हो. तो इंग्रजी, योरुबा आणि पिजिन यांत गायचा. पिजिन म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांत बोलली जाणारी मोडकी-मिसळीची इंग्रजी, घानापासून कॅमेरूनपर्यंत रस्त्यावरच्या माणसाला कळणारी. 'झॉम्बी'मध्ये तो सैनिकांना चालतं-फिरतं प्रेत म्हणतो : सांगितलं तर उठेल, सांगितलं तर मारेल, स्वतःहून विचार करणार नाही. कवायतीचे हुकूम तो गाण्यातच देतो आणि कोरस दर हुकमाला उत्तर देतो. लेगॉसची मुलं सैनिकांसमोर ते गाणं म्हणत काठ्या खांद्यावर टाकून चालू लागली.

१८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी त्याच्या 'कलाकुटा' या वस्तीला वेढा घातला. माणसांना मारहाण झाली, बायकांवर अत्याचार झाले, घर, स्टुडिओ, वाद्यं, टेपा जळून गेल्या. सत्तरी ओलांडलेल्या फुनमिलायोंना वरच्या खिडकीतून फेकलं गेलं. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत, १९७८ मध्ये गेल्या. फेलाने आईच्या नावाची शवपेटी लष्करी मुख्यालयाच्या दारात नेऊन ठेवली आणि त्यावर 'कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट' हा अल्बम केला. हे माहीत असताना त्यातला कोरस ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही.

त्याच फेलाने १९७८ मध्ये एका समारंभात २७ बायकांशी लग्न केलं. 'लेडी' या गाण्यात तो बरोबरीचा हक्क मागणाऱ्या आफ्रिकन स्त्रीची टर उडवतो, आणि त्याची आई मात्र त्या हक्कासाठी आयुष्यभर लढलेली. एड्सचं अस्तित्व तो नाकारत राहिला. १९९७ मध्ये तो वारला, तेव्हा एड्समुळे वारला हे जाहीर करण्याचं धैर्य त्याच्या भावाने, माजी आरोग्यमंत्री ओलिकोये रॅन्सम-कुटी यांनी दाखवलं. संगीत थोर आहे म्हणून यावर पांघरूण घालू नये. कोरसमधल्या बायकांचे आवाज हे त्या संगीताचं अर्धं अंग आहे, त्यांना ऐकताना हेही आठवावं.

नावं वाचायची कुठे?

ॲपवर गाण्याच्या मेनूत 'क्रेडिट्स' असतात, पण जुन्या रेकॉर्डसाठी ते बरेचदा अपुरे असतात. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर रेकॉर्डच्या पुढच्या-मागच्या कव्हरचे फोटो आणि वादकांच्या याद्या मिळतात. कुठल्याही नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे वाजवलंय ते दिसतं. फेलाच्या बाबतीत कव्हर काढणाऱ्याचंही नाव वाचा. लेमी घारिओकवू या चित्रकाराने त्याच्या २६ अल्बमांची कव्हरं रंगवली, आणि त्या गर्दीने भरलेल्या चित्रांत तेव्हाचं लेगॉस दिसतं.

नावांच्या मागे गेल्यावर काय हाती लागतं, याचं माझं आवडतं उदाहरण राय कूडर. पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेबरोबर या अमेरिकन स्लाइड गिटारवादकाने केलेला 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९३ मध्ये आला. त्याला ग्रॅमी मिळालं, म्हणून आपल्याकडे तो पुष्कळांनी ऐकलाय. त्याच कूडरचं नाव १९९४ च्या 'टॉकिंग टिंबक्टू'वर अली फार्का तुरेच्या शेजारी आहे. म्हणजे घरात भट्टांची सीडी असेल, तर मालीच्या ब्लूजपासून तुम्ही फक्त एका नावाच्या अंतरावर आहात.

नावांचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे काळे अमेरिकन जॅझवाले वाजवत होते. जॅझचं मूळही ब्लूजमध्येच आहे. तो बाज गोव्याच्या वादकांनी उचलला. त्यातलाच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागला, आणि 'अलबेला'तल्या गाण्यांना तो झणका आला. हिंदी सिनेमातल्या अशा कितीतरी गोवेकर वादकांची आणि अरेंजरांची नावं रेकॉर्डवर छापलीच गेली नाहीत.

मग लावायचं काय?

बारा मिनिटांच्या 'झॉम्बी'पासून सुरुवात करू नका. ब्लूजसाठी 'लाइव्ह ॲट द रीगल' आणि मग 'हूडू मॅन ब्लूज'. जुन्या खरखरीची सवय झाली की रॉबर्ट जॉन्सन. फंकसाठी मीटर्सचा 'रिजुव्हनेशन', १९७४ चा. त्यात गाणीही आहेत आणि वादनही मोकळं आहे. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा १९६९ चा 'स्टँड!' उत्साहाने भरलेला, आणि त्याच बँडचा १९७१ चा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' खचलेला, धुरकट. दोन वर्षांत अमेरिकेचं काय झालं, हे त्या दोन अल्बमांत ऐकू येतं.

फेलासाठी 'वॉटर नो गेट एनिमी'. अकराएक मिनिटांचं आहे, पण सुरावट पहिल्याच मिनिटात मनात बसते. पाण्याशी कुणाला वैर करता येत नाही, एवढाच त्याचा आशय. हे गाणं १९७५ च्या ज्या अल्बमवर आहे, त्याचं नाव चारचौघांत घ्यायला संकोच वाटेल असं आहे. पोलिसांनी गांजाचा पुरावा म्हणून फेलाची विष्ठा तपासायला कोठडीत दिवसचे दिवस वाट पाहिली, त्यावरून ते नाव पडलं. नंतर 'जंटलमन', ज्यात उकाड्याच्या देशात कोट-टाय घालून घामाने निथळणाऱ्या आफ्रिकन साहेबाची खबर घेतलीय. मग 'झॉम्बी'. आणि त्यानंतर टोनी ॲलनचे स्वतःचे अल्बम, 'जेलसी' किंवा 'नो ॲकोमोडेशन फॉर लेगॉस'.

इथून पुढे आफ्रिकेतच हिंडता येतं. बेनिनचा ऑर्केस्त्र पॉली-रिदमो द कोतोनू, घानाचा गिटारवादक एबो टेलर. इथिओपियाच्या मुलातू अस्तात्केने लंडन आणि बॉस्टनमध्ये शिकून आपल्या देशाच्या पाच स्वरांच्या पंक्ती जॅझमध्ये आणल्या. त्याचा 'मुलातू ऑफ इथिओपिया' १९७२ चा आहे. तिथल्या तिझिता या स्वरपंक्तीचा एक प्रकार सा रे ग प ध असा, थेट आपल्या भूपाच्या स्वरांचा आहे.